लाल ट्रेमधलं पाकीट

१० नोव्हेंबर, गुरुवार

ट्वायला,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे फाडून टाकलं नाहीस, एवढंच सध्या पुरे. आठ वर्षांनी धाकट्या बहिणीला पत्र लिहायचं तर आधी तब्येत विचारायची असते. पण तू म्हणणार, "नॅडीन तब्येत विचारतेय म्हणजे हिचं काहीतरी अडलंय." म्हणून थेट कामाचंच बोलते.

तुला काउंटीच्या निवडणूक कचेरीतून एक पत्र येईल. पिवळसर, खिडकीचं पाकीट, आतलं तुझं छापील नाव बाहेरून दिसणारं. ते उघड. खिडकीची पाकिटं तू उघडत नाहीस, ओव्हनमध्ये कोंबून ठेवतेस, हे मला माहीत आहे. आईच्या घरीही हेच करायचीस. एकदा कुणीतरी न बघता ओव्हन लावला आणि वीजबिलासकट सगळं पेटलं, तेव्हापासून मी तुझं टपाल बघायला लागले होते. आता बघायला कुणी नाही, म्हणून सांगते.

त्यात असं लिहिलेलं असेल, की टपाली मतपत्रिकेच्या पाकिटावरची तुझी सही कचेरीतल्या सहीशी जुळत नाही, म्हणून तुझं मत बाजूला ठेवलंय. सोबत एक कार्ड असेल. त्यावर नवी सही करून २९ तारखेपर्यंत पोचवलीस तर पाकीट फोडून मत मोजतील. नाहीतर ते तसंच बंद राहील.

प्रस्ताव ४१ चं काय चाललंय हे तुला मी सांगायला नको. तुमच्या अल्डर कोर्टच्या ट्रेलर-घरांच्या वस्तीची जमीन शहरानं विकत घ्यावी की नाही, यावर सगळं कॉटर्स बेंड गाव भांडतंय. काल संध्याकाळच्या मोजणीत 'नको' वाले तीन मतांनी पुढे होते. तीन! आणि बाजूला ठेवलेली पाकिटं अजून वीसेक आहेत. जागा रिकामी करायची मालकाची नोटीस वर्षापूर्वीच लागलेली. प्रस्ताव पडला तर एकतीस डिसेंबरला फाटकाला कुलूप. तुझा ट्रेलर नावाला चाकांवर आहे. तो उचलायला गेले तर मधोमध मोडेल, हे मलाही कळतं.

तेव्हा ओव्हन उघड आणि सही कर. हे मला कसं कळलं ते विचारू नकोस.

नॅडीन


१६ नोव्हेंबर, बुधवार

ट्वायला,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी दोनदा पेटी बघून आले.

कार्डही आलेलं नाही. हे मला कसं कळलं ते आज सांगते, कारण त्याशिवाय तू माझं ऐकणार नाहीस. वेंडल गेल्यानंतरच्या वर्षापासून मी दर निवडणुकीला त्या कचेरीत बसते. लायब्ररीच्या मागची ती बिनखिडकीची खोली, तीच. काम एकच. पाकिटावरची सही बघायची, पडद्यावरची जुनी सही बघायची आणि ठरवायचं, एकाच हाताची आहे का. जुळली तर हिरवा ट्रे, नाही जुळली तर लाल. लाल ट्रेमधली पाकिटं आमची प्रमुख ग्लेनिस पुन्हा बघते. मी चांगली आहे या कामात. ग्लेनिस म्हणते, "नॅडीन, तुझ्या नवऱ्यानं तुझ्यापासून काय लपवलं असेल गं कधी!" मी हसते. वेंडलकडे लपवण्यासारखं काही नव्हतं.

आमच्याकडे एक नियम आहे. नातेवाइकाचं पाकीट हाती आलं तर न बघता शेजारच्या टेबलावर सरकवायचं. सात तारखेला दुपारी तुझं आलं. ट्वायला जे. रेनक्विस्ट, १७ अल्डर कोर्ट. मी सरकवलं नाही.

का, ते मला नीट सांगता येणार नाही. आठ वर्षांत तुझ्या हातचं काही पाहिलं नव्हतं म्हणून असेल. पडद्यावर तुझी जुनी सही आली, 'टी'ची आडवी रेघ पार शेवटच्या अक्षरापर्यंत ओढलेली, ऐटीत. सव्वीस वर्षं किराणा दुकानाच्या बेकरीत केकवर नावं लिहिलीस तू. या गावात असं एक पोर नाही, ज्याचं नाव पहिल्यांदा तुझ्या हातून क्रीममध्ये उमटलं नाही. आणि पाकिटावर काय होतं? मुंग्यांची रांग. बारीक, वाकडीतिकडी, पुढे जाता जाता आणखी बारीक होत गेलेली. मला वाटलं, ही तू नाहीसच. शेजारच्या कुणीतरी तुझ्या नावानं सही ठोकून दिलीय, नाहीतर तू कुणाला तरी म्हणालीस, "तूच कर गं." असले उद्योग तू करू शकतेस.

मी ते लाल ट्रेमध्ये टाकलं. ग्लेनिसनंही 'जुळत नाही' म्हटलं. म्हणजे चूक झाली असं कचेरी म्हणणार नाही. मीही म्हणत नाही. पण त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या आठवलं, शेवटच्या दोन वर्षांत बाबांची अक्षरं अशीच होत गेली होती. खरेदीच्या यादीतलं 'बटाटे' मला भिंग घेऊन वाचावं लागायचं.

ट्वायला, तुझा हात थरथरतो का?

तुझ्यापुढे त्या पाटीचा विषय काढायचा नाही असं ठरवलं होतं, पण न काढता लिहिलं तर सगळंच खोटं वाटेल. वेंडल नगरपरिषदेला उभा राहिला, तेव्हा तुझ्या दारापुढच्या हिरवळीवर तू त्याच्या विरोधातल्या माणसाची पाटी रोवलीस. सख्ख्या मेहुण्याच्या विरोधातली! मुख्य रस्त्यावर, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशी. तू म्हणालीस, तो माणूस अल्डर कोर्टची पाण्याची पाइपलाइन बदलून देणार आहे आणि वेंडल देणार नाही. ते खरंही होतं. वेंडल एकतीस मतांनी पडला आणि पुढच्या वसंतात गेला. डॉक्टर म्हणाले, दोन्हींचा संबंध नाही. मी संबंध लावला आणि तो घट्ट धरून बसले.

असो. शनिवारी येते मी. दार उघडलं नाहीस तर पायरीवर बसेन, आणि शेजारपाजारच्यांशी किती बोलते ते तुला माहीत आहे.

नॅडीन


२१ नोव्हेंबर, सोमवार

ट्वायला,

परवा तिथे होतेच, मग पुन्हा लिहायचं कशाला, असं तू म्हणशील. पण निम्मा वेळ तू भिंतीकडे तोंड करून बसली होतीस आणि उरलेला वेळ कुत्रा भुंकत होता. मला काय म्हणायचं होतं ते राहूनच गेलं.

आधी हे, की तू वाळली आहेस. दारात आलीस तेव्हा मला क्षणभर आईच वाटली. आणि तू काय म्हणालीस? "ये, सही तपासायला आलीस ना, चष्मा आणलायस का?" आठ वर्षांनंतरचं पहिलं वाक्य! मला रडू येणार होतं, ते रागानं थांबलं. बरंच झालं.

कॉफीचा कप तू दोन्ही हातांनी धरलास. मी बघते आहे हे दिसताच खाली ठेवलास. दोन वर्षं झाली म्हणालीस. दोन वर्षं! आणि बेकरीतल्या लोकांना सांगितलंस की कंटाळा आला म्हणून नोकरी सोडली. बाबांना जे झालं होतं तेच तुला झालंय आणि ते गावात एकट्या मॅरिबेल ओचोआला माहीत, का, तर ती शेजारी राहते आणि तिला तुझ्या गोळ्यांची डबी उघडून द्यावी लागते. मला नाही माहीत. चूक माझी आहे, तरी तुझ्यावर चिडले, तशी मी आहेच.

मॅरिबेल मला आवडली. हातात मक्याच्या वाफवलेल्या तमालेंचं गरम भांडं घेऊन दार न वाजवता आत येते काय, आणि माझ्याकडे बघून म्हणते काय, "पाटीवरून रुसलेली बहीण ती हीच ना? बरं झालं आलात. हिला जरा सांगा हो! प्रचाराची पोरं दोनदा येऊन गेली, हिनं दिवे बंद करून घेतले. त्रेसष्ट घरांचं छप्पर जायची वेळ आलीय आणि ही बाई अक्षर चांगलं येत नाही म्हणून बसलीय!"

तू म्हणालीस, "तुला काय कळतंय? ते कार्ड कचेरीत कायमचं राहणार. कुणीही काढून बघणार."

"बघू देत की! माझी सही बघा, कोंबडी चालून गेल्यासारखी आहे. कुणी अडवलंय मला?"

तेव्हा तू भिंतीकडे वळलीस. मग जे हळू आवाजात बोललीस ते मॅरिबेलला ऐकू गेलं नाही, मला गेलं. "नॅडीन, ते माझं नाव नाहीये. मी लिहिते आणि कागदावर दुसऱ्याच कुणाचं तरी उमटतं."

मी ओव्हन उघडला. अठ्ठावीस पाकिटं! कार्ड सर्वांत वर होतं, म्हणजे तू ते हातात घेतलं होतंस. मी ते टेबलावर ठेवलं, पेन ठेवलं. तू म्हणालीस, "तूच कर ना सही. तुला माझी जुनी सही पाठ आहे. कुणाला कळणार?" खरंच कुणाला कळलं नसतं. मलाच सगळ्यांत चांगली जमली असती. पण त्या खोलीत बसून इतकी वर्षं मी लोकांना लाल ट्रेमध्ये टाकलंय, तो ट्रे मग कशासाठी? मी नाही म्हणाले. तू मला वेंडलची बायको म्हणालीस, शिवी दिल्यासारखं.

आणि तू विचारलंस, "तू काय दिलंस गं, ४१ ला?"

मी म्हणाले, "मत गुप्त असतं. कायदा आहे तसा."

तू हसलीस. मी आल्यापासून पहिल्यांदा हसलीस आणि म्हणालीस, "कायदा म्हणे! तोंडावर हो म्हणायला जीव जातो हिचा." मला तुझं ते हसणं इतकं बरं वाटलं, की मी पुढे काही बोलले नाही.

सांगायचं राहिलं ते हे. कार्डावर सही सुंदर लागत नाही, तुझी लागते. आजची. पुढच्या निवडणुकीला ती आजचीच पाकिटाशी ताडून बघतील. दिवसातून एक वेळ अशी असते ना, गोळी घेतल्यावर तासाभरानं, तेव्हा हात जरा ऐकतो असं मॅरिबेल म्हणाली. तेव्हा कर. साध्या कागदावर दहादा करून बघ, मग कार्डावर. पोस्टात टाकू नकोस, आता उशीर होईल. मॅरिबेल लायब्ररीबाहेरच्या पेटीत टाकेल.

तुझ्या घरासाठी कर. माझ्यासाठी करायला सांगण्याइतकं माझं तोंड नाही.

नॅडीन


३० नोव्हेंबर, बुधवार

प्रिय ट्वायला,

आलं. सोमवारी सकाळी पेटीतून निघालं. या वेळी मी नियम पाळला. नाव दिसताच डोळे मिटून शेजारच्या टेबलावर सरकवलं. ग्लेनिसनं पाहिलं, पडद्यावर पाहिलं आणि म्हणाली, "एकच हात आहे. बिचारी." बिचारी म्हटलं म्हणून मी तिच्याशी दुपारपर्यंत बोलले नाही.

तुझं पाकीट फोडलं गेलं. मत मोजलं गेलं.

आता पुढचं. बातमी तुला कळली असेल, तरी माझ्याकडून कळावी. तीन मतांचा फरक होता. लाल ट्रेमधल्या एकवीस जणांपैकी सात जणांनीच नव्या सह्या दिल्या. बाकीचे फिरकलेच नाहीत. त्या सातांत पाच 'हो' निघाले, दोन 'नको'. दोन्हीकडे २,३०६. अगदी सारखी.

मग ग्लेनिसनं नियम वाचून दाखवला, जो सगळ्यांना पाठ होता. प्रस्ताव मंजूर व्हायला 'हो'ची मतं जास्त लागतात. सारखी झाली तर प्रस्ताव पडला.

फेरमोजणी होईल. या राज्यात असं झालं की ती आपोआप होतेच, कुणी मागावी लागत नाही. पण यंत्रं सहसा चुकत नाहीत. तुला खोटी आशा दाखवणार नाही.

कॉफीच्या दुकानात, औषधाच्या दुकानात, सगळीकडे लोक एकच बोलताहेत. एक मत. कुणाचं तरी एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर. जो तो दुसऱ्याकडे बघतोय. हार्डवेअरवाला म्हणाला, "मी तर हो दिलं होतं बरं का." न विचारता! आता गावात 'नको' दिलेला एकही माणूस सापडत नाही. २,३०६ जण कुठे गेले कुणास ठाऊक. मी खिळे घेतले आणि निघाले.

माझ्याकडे दोन खोल्या रिकाम्या आहेत. मागची गरम राहते. बाथरूमला दोन पायऱ्या आहेत, तिथे आडवा दांडा लावून घेता येईल. कुत्रा चालेल. मी काही सुचवत नाही. फक्त खोल्या आहेत, असं सांगते.

तुझी,
नॅडीन


१४ डिसेंबर, बुधवार

प्रिय ट्वायला,

काल फेरमोजणी झाली. तेच आकडे. आणि आज दुपारी तुझं पत्र आलं.

भिंग लागलं, पण सगळं वाचलं. एका पानाला किती दिवस लागले असतील तुला? शनिवारी दहाला मॅरिबेलच्या भावाचा ट्रक तुझं सामान घेऊन माझ्याकडे येतोय. कुत्र्याला गालिच्यावर येऊ देऊ नकोस, त्याला उलट्या होतात, असं मला बजावलंयस. बेकरीतली तुझी क्रीमची नळकांडी तू टाकून दिलीस. हे सगळं वाचलं. आणि शेवटी लिहिलंयस, "तू त्या दिवशी पायरी चढून आली नसतीस तर मी सही केली नसती. हरलो तर हरलो. निदान आपण दोघी बहिणींची दोन मतं तरी एका बाजूला पडली. पाटीचं फिटलं असं मी धरते."

मी हे पत्र घडी करून पाकिटात घातलं, पुन्हा काढलं, पुन्हा वाचलं. मग जेवायला बसले, जेववलं नाही.

ट्वायला, आपली दोन मतं एका बाजूला पडली नाहीत.

माझी मतपत्रिका ऑक्टोबरच्या एकवीस तारखेला आली. त्याच दिवशी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून भरली. महापौर, पाण्याचं मंडळ, लायब्ररी, सगळं भराभर झालं. ४१ शी थांबले. घरपट्टी वाढेल असं मनाशी म्हणाले, म्हणजे खरं कारण मनात यायला नको. पण त्यानं काही भागलं नाही, आलंच. मला तुझी ती हिरवळीवरची पाटी दिसली. तुझ्या दारात आठ वर्षांपूर्वी कुणाचं नाव होतं ते दिसलं. मी 'नको'चा गोल भरला, पाकीट बंद केलं, सही केली आणि चालत जाऊन लायब्ररीच्या पेटीत टाकून आले. ते हिरव्या ट्रेमध्ये गेलं असणार. माझी सही कधी बदललेली नाही.

अल्डर कोर्टचं काय होईल हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणू नकोस. मी म्हणत नाही. बाकीच्या बासष्ट घरांचं मी मनातही आणलं नाही, याची मला लाज वाटते. मॅरिबेल शनिवारी तुझी खोकी उचलेल आणि पुढच्या शनिवारी स्वतःची, आणि ती कुठे जाणार हे तिलाच माहीत नाही. तुझं मात्र मी मनात आणलं होतं. घर गेलं की तू कुठे जाशील, तर माझ्याकडे. दुसरं आहे कोण? तू दारात उभी राहशील आणि मी उघडायला थोडा वेळ लावेन, असं मी त्या टेबलावर बसून खरंच ठरवलं होतं. किती वेळ, तेसुद्धा.

पुढे तुझं पाकीट आलं. मुंग्यांच्या रांगेसारखी सही आली. मग मी तुझ्यामागे धावले, ओव्हन उघडला, तुला तुझ्या थरथरत्या हातानं कार्ड भरायला लावलं. तू भरलंस. ते मत तुझं घर वाचवायला पुरलं असतं, एक माझं तिकडे नसतं तर. माझं पेटीत पडून गेलं होतं. ते परत काढता येत नाही. मी ग्लेनिसला विचारलंही, "एखाद्याला मत बदलायचं असेल तर?" ती म्हणाली, "पेटीत पडलं की संपलं, हे तुलाच विचारायला हवं का?"

तू हसलीस त्या दिवशी सांगायला हवं होतं. नोव्हेंबरच्या शेवटी सांगायला हवं होतं. आज सांगते, कारण शनिवारी तू माझ्या घरात शिरून मला धन्यवाद म्हणालीस तर मला ते ऐकवणार नाही. म्हणजे हेही मी माझ्यासाठीच करतेय. तुझ्याकडे दुसरी जागा नाही हे माहीत असताना करतेय. वाचून तुला राग आला तर जायला कुठे आहे तुला? कुठेच नाही. याहून वाईट वेळ मला निवडता आली नसती, पण यापुढची प्रत्येक वेळ आणखी वाईट असती.

हे पत्र पोस्टात टाकत बसणार नाही, मीच आज संध्याकाळी तुझ्या दाराच्या फटीतून आत सरकवून निघून येईन. दार वाजवणार नाही.

बाथरूमच्या पायऱ्यांना दांडा लावलाय. मागच्या खोलीत हीटर लावून ठेवलाय. दुसऱ्या खोलीत तुझी खोकी मावतील. ट्रक शनिवारी दहालाच येऊ दे, तो बदलू नकोस, गाव कितीही लहान असलं तरी अशा थंडीत सामान घेऊन फिरायचं नाही. दार उघडं ठेवलेलं असेल. किल्ली आतल्या बाजूला, कुलपातच असेल. मी घरात नसेन. समोरच्या रस्त्यावर गाडीत बसलेली असेन.

आत शिर, कुत्र्याला पाणी दे, दार लावून घे. मी आत यायचं की नाही, ते तू ठरव. कितीही वेळ लाव.

नॅडीन